टाउनला मिळालेली माफी : रहस्यकादंबरी, इतिहास आणि दोषाचा प्रश्न

रहस्यकथा या वाङ्मयप्रकाराकडे मराठी समीक्षेने बहुधा रंजनप्रधान लेखनाचा एक विभाग म्हणूनच पाहिले आहे. त्याच्या लोकप्रियतेची समाजशास्त्रीय कारणे क्वचित शोधली गेली. परंतु या प्रकाराच्या घडणीतच एक नैतिक गृहीतक अनुस्यूत आहे, त्याची चिकित्सा फारशी झालेली नाही. ते गृहीतक असे : दोष ही वस्तू आहे, ती कोणाच्या तरी ठायी असते, पुरेशी बुद्धी आणि पुरेसा धीर असला तर तिचा ठावठिकाणा लावता येतो, आणि तो लागला की उरलेल्यांना घरी जायला हरकत नसते. समकालीन पार्श्वभूमीवरच्या कथेत हे गृहीतक जाणवतही नाही, कारण पोलीस, न्यायालय, वैद्यकीय तपासणी या संस्थांनी ते आपल्या अंगवळणी पाडले आहे. तोच आकृतिबंध चारशे वर्षांपूर्वीच्या समाजावर बसवला जातो, तेव्हा मात्र तो काही ठिकाणी ताणला जातो आणि त्याची शिवण दिसू लागते. एलिझाबेथकालीन इंग्लंडमधील फिरत्या नाटकमंडळीत घडणारी खुनाची कादंबरी हे अशा ताणाचे एक बोलके उदाहरण आहे.

या उपप्रकाराचा विसाव्या शतकाच्या अखेरचा प्रमुख लेखक एडवर्ड मार्स्टन. हे कीथ माइल्स यांचे टोपणनाव. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द क्वीन्स हेड’पासून त्यांनी ‘लॉर्ड वेस्टफील्ड्स मेन’ नावाची एक काल्पनिक नाटकमंडळी उभी केली आणि तिच्याभोवती कादंबऱ्यांची मालिका गुंफली. पहिल्याच कादंबरीत मंडळीतील एक नट गुत्त्यातील मारामारीत ठार होतो आणि त्याच्या मारेकऱ्याचा माग काढण्याचे काम निकोलस ब्रेसवेल आपल्या शिरावर घेतो. १९९० मधील ‘द ट्रिप टू जेरूसलेम’मध्ये प्लेगमुळे लंडनमधील प्रयोग बंद पडतात आणि मंडळी उत्तरेच्या वाटेला लागते. ही योजना इतिहासाला धरून आहे. प्लेगने नाट्यगृहे बंद झाली की मंडळ्यांना गाडीवर कपडे आणि सामान लादून गावोगाव फिरावे लागे, आणि हे फिरणे बहुधा आतबट्ट्याचे ठरे. पेम्ब्रोक यांच्या आश्रयाखालील मंडळी १५९३ मध्ये दौऱ्यावरून परतली, ती खर्चही न सुटल्यामुळे. पोशाख गहाण टाकण्याची पाळी तिच्यावर आली होती, असे नाट्यव्यवसायी फिलिप हेन्स्लो याच्या त्या वर्षीच्या सप्टेंबरमधील पत्रावरून कळते. त्यातच १५७२ च्या कायद्याने सरदाराचा आश्रय नसलेला नट हा भटक्या-उनाडांच्या वर्गात जमा होई. फिरती मंडळी प्रत्येक गावात उपरी असते. तिच्या पायाखालची जमीन तिची नसते. अधिकृत असतो तो केवळ एका बड्या माणसाच्या नावाचा कागद.

रहस्यकथेच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची रचना कोणती? मर्यादित पात्रे, परस्परांतील भागीदारी आणि स्पर्धा, भागीदार नट आणि पगारी नट यांच्यातील तेढ, स्त्रीपार्टी मुलांची असुरक्षितता, हाताशी सदैव तलवारी. इंग्रजी रहस्यकथेतील ग्रामीण हवेलीचे काम येथे सामानाची गाडी करते. मार्स्टनची खरी सूझ मात्र अन्वेषकाच्या निवडीत आहे. ब्रेसवेल हा मंडळीचा बुक-होल्डर. नाटकाची अधिकृत प्रत त्याच्या ताब्यात. कोण कधी रंगमंचावर जाणार, कोणते सामान कोठे लागणार, हे त्याने सांभाळायचे. रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची, आणि दुसरी पहिलीची पुनर्रचना करते, असे त्स्वेतान तोदोरोवने १९६६ मध्ये दाखवून दिले. ज्याच्या हातात संहिता तोच अन्वेषक, या योजनेमुळे ही पुनर्रचना अक्षरशः संहितेचे वाचन होऊन बसते. खून म्हणजे संहितेबाहेरचा प्रवेश. तो कोणी घातला हे शोधून काढणे हे प्रत सांभाळणाऱ्याचेच काम.

डब्ल्यू. एच. ऑडन या कवीने १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात रहस्यकथेच्या वाचनसुखाचे मूळ अपराधभावात शोधले होते. गुन्ह्यामुळे साराच समुदाय संशयित होतो, आणि एकाचा दोष सिद्ध झाल्याने बाकीच्यांना त्यांचे निरपराधित्व परत मिळते, असा त्याच्या विवेचनाचा आशय. या दृष्टीने पाहिले तर रहस्यकथेतील अन्वेषक सत्य शोधतो हे अर्धेच खरे. तो समुदाय शुद्ध करून घेतो. मार्स्टनच्या मंडळीतही हेच घडते : खुनी सापडतो, बाहेरचे वा आतले कीड लागलेले अंग कापले जाते, आणि मंडळी पुढच्या प्रयोगाला उभी राहते. वाचकाला हे हवेच असते. मला स्वतःलाही या कादंबऱ्या वाचताना ते हवे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच काळातील फिरत्या मंडळीतील एक प्रत्यक्ष हत्या आपल्याला तपशिलांनिशी माहीत आहे, आणि ती या आकृतिबंधात बसत नाही.

राणीच्या नावाची मंडळी, म्हणजे ‘क्वीन्स मेन’, १५८३ मध्ये स्थापन झाली. राणीचा सचिव फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याच्या आदेशाने आणि एडमंड टिल्नी या राजदरबारच्या नाट्याधिकाऱ्याच्या हस्ते इतर मंडळ्यांतून बारा नामवंत नट निवडले गेले. त्यांपैकी जॉन टाउन हा एक. विल्यम नेल हाही या मंडळीतील अग्रगण्य नट होता. पाचव्या हेन्रीच्या आयुष्यावरील एका जुन्या नाटकात तो राजपुत्राची भूमिका करी. त्याच नाटकात राजपुत्राने न्यायाधीशाच्या थोबाडीत मारण्याचा प्रसंग आहे. एकदा न्यायाधीश करणारा नट हजर नसल्याने विदूषक रिचर्ड टार्ल्टनने ती भूमिका घेतली आणि नेलने त्याला अशी सणसणीत लगावली की प्रेक्षकांची हसून पुरेवाट झाली, अशी आख्यायिका टार्ल्टनच्या नावावरील विनोदसंग्रहात आहे. आख्यायिकाच ती, तिच्यावर फार भार टाकू नये.

१३ जून १५८७ च्या रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान, ऑक्सफर्डशरमधील टेम या गावी, ‘व्हाइट हाउंड’ नावाच्या बंदिस्त आवारात नेल तलवार उपसून टाउनवर धावून गेला. टाउन मागे हटत एका उंचवट्यावर गेला. तेथून पुढे वाट नव्हती. जिवाच्या भीतीने त्याने तलवार चालवली आणि ती नेलच्या मानेत शिरली. अर्ध्या तासात नेल मरण पावला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, म्हणजे कॉरोनरपुढे, पंचांनी हाच वृत्तान्त ग्राह्य धरला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाउनला राणीचे माफीपत्र मिळाले. मार्क एक्ल्स या अमेरिकी संशोधकाने १९६१ मधील आपल्या पुस्तकात हे प्रकरण पुढे आणल्यापासून ते शेक्सपिअरच्या अभ्यासकांना परिचित आहे.

स्थळ, काळ, शस्त्र, जखम, मारेकरी, सारे काही नोंदलेले आहे. रहस्य असे काही नाहीच. विद्यार्थ्यांपुढे हे प्रकरण मांडले की हमखास प्रश्न येतो : “म्हणजे टाउन निर्दोष होता?” या प्रश्नाचे उत्तर आधुनिक वाचकाला वाटते तितके सरळ नाही, आणि माझ्या मते या लेखाचा खरा विषय तेथेच आहे.

तत्कालीन इंग्रजी कायद्यात स्वसंरक्षणार्थ केलेली हत्या ही खून नव्हती. परंतु झटापटीतून उद्भवलेल्या अशा हत्येबद्दल आरोपीला निखालस निर्दोष म्हणून सोडूनही दिले जात नसे. त्याला राजमुद्रेची माफी मिळवावी लागे. ती जवळजवळ ठरल्याप्रमाणे मिळे. तरीही ती मागावी लागे, आणि तत्त्वतः त्याची जंगम मालमत्ता जप्तीस पात्र ठरे. जो दोषी नाही त्याला माफी कशाची? आजच्या तर्काला हा विरोधाभास वाटतो. पण या व्यवस्थेच्या मुळाशी एक प्रगल्भ जाण असावी, असे मला वाटते. माणूस मेला आहे, तो या हाताने मेला आहे. या हाताला दुसरा मार्ग नव्हता हे आम्हाला मान्य आहे. तरीही ‘काहीच घडले नाही’ असे आम्ही म्हणणार नाही. दोषी आणि निर्दोष यांच्या मधोमध कायद्याने एक तिसरी जागा राखून ठेवली होती. टाउन त्या जागेवर उभा आहे.

रहस्यकादंबरीत ही तिसरी जागा नसते. असू शकत नाही. कारण ती असेल तर शेवटच्या प्रकरणात समुदायाचे शुद्धीकरण पूर्ण होणार नाही. त्यामुळे एलिझाबेथकालीन मंडळीवर लिहिणारा कादंबरीकार जेव्हा सरायांची अंगणे, पोशाखांची यादी, प्लेगची भीती, राजाश्रयाची कागदपत्रे हे सारे अचूक उभे करतो, तेव्हाही त्याच्या कादंबरीत एक कालविपर्यास उरतोच. हा विपर्यास वस्तूंचा नसतो. त्या काळाच्या ओठी नसलेल्या बोलीपेक्षाही, त्या काळाच्या मनात नसलेली दोषकल्पना पात्रांच्या गळ्यात बांधणे हा मोठा विपर्यास आहे. आणि तपशिलांच्या अचूकपणामुळे तो अधिकच झाकला जातो. ऐतिहासिक कादंबरीच्या समीक्षेत आपण अजूनही पगड्या आणि पागोटी मोजत बसतो, म्हणून हे नोंदवणे आवश्यक वाटते.

येथे एक आक्षेप संभवतो. त्या काळी खुनी आणि निरपराध असा भेद स्पष्ट नव्हता काय? फासावर जाणारे लोक होतेच. होतेच, आणि ‘आर्डन ऑफ फेव्हर्शम’सारखे १५५१ मधील प्रत्यक्ष खुनावर रचलेले नाटक १५९२ मध्ये छापले गेले, त्यात दोषाविषयी तिळमात्र संदिग्धता नाही. माझे म्हणणे एवढेच की, दोषाचा निवाडा करणारी यंत्रणा वेगळी होती. त्या काळी व्यवसाय म्हणून तपास करणारा अन्वेषक नव्हता. स्थानिक पंच शपथेवर जे सांगतील, ते सत्य. गावाने मिळून काढलेला तो निष्कर्ष असे. त्याच्या विरोधात एका बुद्धिमान माणसाने उभे राहून “तुम्ही चुकलात” असे म्हणण्याची सोय नव्हती. सत्य बाहेर काढण्यासाठी खास प्रयत्न करणारी जी यंत्रणा होती ती राजसत्तेच्या ताब्यात होती, आणि तिचे एक साधन यातनायंत्र हे होते. थॉमस किड या नाटककाराला मे १५९३ मध्ये अटक करून तिच्यातून जावे लागले. दुसऱ्याच वर्षी तो वारला.

याच किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’त मुलाच्या खुनाने वेडापिसा झालेला न्यायाधिकारी न्याय न मिळाल्यामुळे दरबारात नाटक बसवतो, त्या नाटकात रंगमंचावरचे खून खरे असतात आणि प्रेक्षकांना ते कळत नाही. रंगभूमी आणि हत्या यांचे नाते या काळाने किती खोलवर अनुभवले होते, याची ही साक्ष आहे.

किंबहुना नाटक खुनाला वाचा फोडते, अशी या काळाची स्वतःचीच एक उपपत्ती होती. थॉमस हेवुड या नाटककाराने १६१२ मध्ये नटांच्या बचावार्थ एक पुस्तक लिहिले. त्यात तो नॉरफकमधील लिन या गावची हकीकत सांगतो. ससेक्सच्या अर्लची फिरती मंडळी तेथे प्रयोग करीत होती. नाटकात प्रियकराच्या लोभाने नवऱ्याचा जीव घेणारी स्त्री होती आणि मृत नवऱ्याचे भूत तिच्यापुढे उभे राही. प्रेक्षकांतली एक प्रतिष्ठित बाई एकाएकी किंचाळली, आपल्या नवऱ्याचे भूत आपल्याला दिसते आहे म्हणाली, आणि तिने बऱ्याच वर्षांपूर्वी केलेल्या खुनाची कबुली दिली. हीच हकीकत १५९९ मध्ये छापलेल्या ‘अ वॉर्निंग फॉर फेअर विमेन’ या नाटकातही येते, आणि ‘हॅम्लेट’मधील राजपुत्र जेव्हा नाटक बघताना दोषी माणसे कबूल होतात असे आपण ऐकले आहे म्हणतो, तेव्हा तो याच समजुतीचा आधार घेतो. एल्सिनोरला येणारे नट हेही फिरतेच आहेत, हे आपण विसरतो. अन्वेषक, फिरती मंडळी आणि जुना खून हे या उपप्रकाराचे तिन्ही घटक तेथे आधीच एकत्र आलेले आहेत. फरक एवढाच की, आपण कशाचे साधन झालो आहोत हे त्या नटांना कोणी सांगितलेले नाही. राजा उठून जातो, दिवे मागवले जातात, आणि राजाला डिवचणारा प्रयोग करून बसलेल्या त्या उपऱ्या माणसांना नाटक पुन्हा कधीही रंगमंचावर बोलावत नाही.

जाता जाता एक नोंद करायला हवी. ‘हॅम्लेट’ मराठीत आणला तो गोपाळ गणेश आगरकरांनी, १८८३ मधील ‘विकारविलसित’मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकरांना तुरुंगवास घडला होता. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केलेले आरोप ज्या पत्रांवर आधारलेले होते ती बनावट निघाली होती. दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबून माणसाला दोषी ठरवावे काय, हा हॅम्लेटचा यक्षप्रश्न आहे. भुताच्या साक्षीची तो म्हणूनच नाटकाकरवी शहानिशा करू पाहतो. आगरकरांच्या भाषांतराची चर्चा करताना हा संदर्भ लक्षात घेतला तर त्या संहितेला वेगळेच वजन येते.

हेवुडच्या हकीकतीकडे परत येऊ. तिची खरीखोटी ठरवणे हा येथे मुद्दा नाही. नटांना उनाड आणि अनीतिमान ठरवणाऱ्या धर्मोपदेशकांना दिलेले ते उत्तर होते : आम्ही खुन्यांना उघडे पाडतो, म्हणून आम्हाला जगू द्या. रंगभूमीचे नैतिक समर्थन तिच्या अन्वेषणशक्तीवर उभे केले होते. मार्स्टनसारखा लेखक नाटकमंडळीतून गुप्तहेर निर्माण करतो तेव्हा तो नकळत याच जुन्या वकिलीचा वारसदार होतो. त्याच्या ‘द रोअरिंग बॉय’ (१९९५) या कादंबरीत हा वारसा उघडच दिसतो : खुनाबद्दल ज्यांना शिक्षा झाली ते निर्दोष होते असे सांगणारे नाटक मंडळीच्या हाती येते, आणि प्रयोग हेच पुनर्विचाराचे व्यासपीठ बनते.

परंतु हेवुडचे नट खुन्याला उघडे पाडतात, ते प्रेक्षकांत. मंडळीच्या आत काय? जून १५८३ मध्ये नॉरिच येथे ‘रेड लायन’ या सरायीत राणीच्या याच मंडळीचा प्रयोग चालू होता. पैसे न देता आत शिरू पाहणाऱ्या एका माणसाशी दारावर बाचाबाची झाली. ड्यूकची भूमिका करणारा जॉन बेंटली हातात तलवार घेऊन प्रयोगातून तसाच खाली उतरला. जॉन सिंगरही धावला, टार्ल्टन बेंटलीला आवरू पाहत होता, आणि मंडळीचा नसलेला हेन्री ब्राउन नावाचा एक प्रेक्षक आपण होऊन त्यांना सामील झाला. पाठलाग रस्त्यावर गेला, आणि त्यात जॉर्ज नावाचा एक नोकर जखमी होऊन मेला. एकाहून अधिक हातांत तलवारी होत्या. रहस्यकथेचा अन्वेषक येथे विचारील : प्राणघातक वार कोणाचा? त्याचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने रास्तच आहे. पण या प्रसंगातील खरी भयंकर गोष्ट त्या प्रश्नाच्या जाळीतून निसटते. ती अशी की, ड्यूक प्रयोगातून खाली उतरला तो ड्यूकच राहून. रंगमंचावरील तलवार आणि रस्त्यावरील तलवार एकच होती. जो आवेश विकून मंडळी पोट भरत होती, तोच आवेश एका माणसाच्या मृत्यूस कारण झाला, आणि त्या आवेशात बेंटलीइतकाच टाळ्या वाजवणाऱ्या अंगणाचाही वाटा होता. असा दोष एकाच्या ठायी गोळा करून ठेवता येत नाही.

हा विचार कादंबरीला पेलणारच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. बॅरी अन्सवर्थची ‘मोरॅलिटी प्ले’ (१९९५) एलिझाबेथपूर्व, चौदाव्या शतकातल्या फिरत्या नटांविषयी आहे. तरी या चर्चेत ती वगळता येत नाही. पोटापाण्याची भ्रांत पडलेले नट गावात नुकत्याच झालेल्या एका मुलाच्या खुनावर नाटक करतात. एका मुक्या-बहिऱ्या मुलीला त्याबद्दल दोषी ठरवलेले असते. प्रयोग करताना नटांच्या लक्षात येते की, ठरवून दिलेली हकीकत अंगात उतरत नाही. शरीर ती करायला नकार देते. दोषी प्रेक्षक किंचाळत नाही, तर खोटी संहिता नटाच्या जिभेवर अडखळते. हेवुडच्या उपपत्तीपेक्षा ही उपपत्ती अधिक सूक्ष्म आहे, आणि अधिक धोक्याचीही, कारण सत्याचा माग गावाच्या मालकाच्या किल्ल्यापर्यंत जातो. या कादंबरीतही अखेर खरा दोषी सापडतो, आकृतिबंधाची ती मागणी लेखकाला टाळता आलेली नाही. मात्र नट हे पैशासाठी एका मुलाचे मरण विकत होते, ही टोचणी तो शेवटपर्यंत पुसू देत नाही. मार्स्टनच्या मंडळीला अशी टोचणी नाही. तिचा दिलखुलासपणा मोहक आहे, पण तो स्वस्तात मिळवलेला आहे.

मग मृतांच्या ऋणाचा प्रश्न येतो. कल्पित माणसावर कल्पित खून लादणे एक, आणि इतिहासात होऊन गेलेल्या, स्वतःचा बचाव करू न शकणाऱ्या माणसाला सूत्रधार ठरवणे वेगळे. क्रिस्टोफर मार्लो ३० मे १५९३ रोजी डेप्टफर्ड येथे मारला गेला. सोळा पंचांनी इन्ग्रम फ्रायझरचा स्वसंरक्षणाचा वृत्तान्त मान्य केला आणि महिन्याभरातच त्याला माफी मिळाली. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने फ्रायझर आणि टाउन एकाच जागी उभे आहेत. लेस्ली हॉटसनने ही कागदपत्रे १९२५ मध्ये उजेडात आणल्यावर संशय शमण्याऐवजी वाढला. तो निराधार आहे असे नाही. खोलीतील माणसे हेरगिरीशी संबंधित होती. चार्ल्स निकल यांनी ‘द रेकनिंग’ (१९९२) या अभ्यासपूर्ण ग्रंथात त्या मृत्यूमागचे राजकारण उभे केले, आणि २००२ च्या सुधारित आवृत्तीत पडद्यामागील सूत्रधाराविषयीचा आपला निष्कर्ष बदलला. संशोधकाला असा बदल करता येतो. तो त्याच्या प्रामाणिकपणाचाच भाग आहे. रहस्यकादंबरीला दुसरी आवृत्ती काढून खुनी बदलता येत नाही. तिची निश्चिती ही तिच्या पृष्ठसंख्येने दिलेली असते. पुराव्याने ती दिलेली नसते. म्हणूनच मार्स्टनने मंडळी, तिचा आश्रयदाता आणि तिचे शत्रू हे सारे कल्पित ठेवले, हा त्याचा संयम मला कारागिरीपेक्षा नीतीचा भाग वाटतो. आपल्याकडे ऐतिहासिक ललितलेखनावरचे वाद थोर पुरुषांच्या प्रतिमेवरून पेटतात. टाउनसारख्या माणसासाठी मोर्चा काढायला कोणी वंशज नसतात, आणि नैतिक प्रश्न खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो.

टेमच्या प्रकरणालाही निश्चितीचा हा मोह चिकटला आहे, फक्त निराळ्या रूपाने. नेलच्या मृत्यूने मंडळीत एक जागा रिकामी झाली; त्याच वर्षी राणीची मंडळी स्ट्रॅटफर्डला गेली होती; तेव्हा ती जागा तेवीस वर्षांच्या विल्यम शेक्सपिअरने भरली, असा तर्क अनेकांनी लढवला आहे. त्याला पुरावा नाही. तरीही तो पुनःपुन्हा सांगितला जातो, कारण त्यामुळे एका निरर्थक मरणाला अर्थ येतो : नेल मेला, म्हणून शेक्सपिअर लंडनला आला. खुनी शोधण्याच्या हव्यासाचीच ही दुसरी बाजू आहे. तेथे मरणाला कर्ता हवा असतो, येथे प्रयोजन.

टाउनचे नाव पुढील दशकातही राणीच्या मंडळीच्या संदर्भात आढळते. म्हणजे मंडळीने त्याला टाकले नाही. नेलची तरुण विधवा रिबेका हिने मार्च १५८८ मध्ये जॉन हेमिंग्ज याच्याशी लग्न केले. पस्तीस वर्षांनी हेन्री कॉन्डेलसह शेक्सपिअरची नाटके एकत्र छापणारा हेमिंग्ज तो हाच. रिबेका १६१९ मध्ये, तो ग्रंथ निघण्यापूर्वी वारली. तिचे सारे आयुष्य नटांत गेले, आणि त्या छोट्याशा व्यावसायिक वर्तुळात टाउन हे नाव तिच्या कानी पडणे अटळ होते. रहस्यकादंबरीला येथे करण्यासारखे काही नाही. मारेकरी माहीत आहे, माफी मोहोरबंद आहे. उरते ते असे की, टेम सोडल्यावर मंडळीला पुढच्या गावी प्रयोग करायचा होता. राजपुत्राचे कपडे गाडीत होते, ते कोणाच्या तरी अंगावर चढायला हवे होते, आणि नाटकातल्या लढाईसाठी कोणाला तरी टाउनसमोर तलवार उपसून उभे राहायचे होते.